दाब उतरेपर्यंत

“एने, मूठ उघडा.”

“मुठीत काय असणार? माझीच पाच बोटं.”

“मग बोटांना दह्याचा वास कसा येतोय?”

रिस्कानने नाइलाजाने मूठ उघडली. आत कुरूतचा खडा होता. खारवून वाळवलेलं दही ते, बोराएवढं, एका बाजूने चोखून गुळगुळीत केलेलं. तुर्सुनायने तो खडा उचलून खिडकीत ठेवला, सासूची बाही वर सारली, दंडाला पट्टा गुंडाळला आणि कानात नळ्या घातल्या.

दिवसभरातला तिचा खरा विसावा काय तो एवढाच. पहाटे गाय, मग चूल, मग गावच्या बालवाडीत जाऊन पोतंभर बटाटे सोलायचे, तिथून आलं की पुन्हा गाय, गोठ्यातलं शेण, पाणी, आणि या सगळ्याला सासूच्या टकळीची साथ. नळ्या कानात गेल्या की हे सगळं बंद. रिस्कानचे ओठ हलताना दिसत, शब्द पोचत नसत. रबरी फुगा दाबायचा, काटा वर चढवायचा आणि हवा हळूहळू सोडत ठोक्याची वाट बघायची. ठोका सुरू झाला तिथे वरचा आकडा, विझला तिथे खालचा. कधी कधी दोन्ही आकडे मिळाल्यावरही तुर्सुनाय नळ्या काढायला जरा उशीर लावी. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंही.

“किती?”

“एकशे ब्याऐंशी. खाली शंभर.”

“काल कमी होता.”

“काल तुम्ही कुरूत खाल्लं नव्हतं.”

“खाल्लं होतं. तुला दिसलं नव्हतं.” रिस्कानने बाही खाली ओढली. “तुझ्या कानातच काहीतरी बिघाड आहे. गरम तेल घाल.”

तुर्सुनायने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली वही काढली आणि दोऱ्याने बांधलेल्या पेन्सिलीने आकडा लिहिला. ही वही सुरू करायला लावली ती थोरल्या दिराने. रशियात कामाला असलेला हा दीर एकदा सुट्टीवर आला तेव्हा दाब मोजायचं यंत्र घेऊनच आला. गावच्या दवाखान्यातल्या गुलबार्चिनकडून त्याने तुर्सुनायला ते शिकवून घेतलं आणि बजावलं, सकाळ-संध्याकाळ मोजायचं, लिहायचं, आळस करायचा नाही.

त्याचं नाव बोलोत. तुर्सुनायच्या तोंडून मात्र ते नाव कधी निघालं नव्हतं. नवऱ्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं सुनेने घ्यायची नाहीत, आणि नावाशी मिळता शब्दही जमेल तितका टाळायचा. सासूला ती एने म्हणे, म्हणजे आई; दीर उंच, म्हणून त्याला उंच भावोजी. बोलोत म्हणजे पोलाद; म्हणून दुकानात सुरी घ्यायला गेली तर ती म्हणायची, “त्या कडक धातूची द्या.” दुकानदार मुद्दाम विचारी, “कुठल्या धातूची म्हणालीस?” आणि ओट्यावर बसलेली रिकामटेकडी मंडळी हसून घेत. लग्न होऊन आली तेव्हा ती लाजायची. आता नात झाली तरी दुकानदाराचा विनोद तोच होता, आणि ती “द्या हो मुकाट्याने” एवढंच म्हणून पैसे ठेवायची.

रविवारी दुपारी उंच भावोजींचा फोन येई. आईशी चार शब्द बोलून झाले की ते म्हणत, “सूनबाईकडे दे.” मग तुर्सुनाय आठवड्याचे आकडे वाचून दाखवी आणि पलीकडून हं, हं, असं येत राही. वाचून झालं की वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा. बस, एवढंच बोलणं. पण आपण केलेलं काम कुणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेतं, अशी तिच्या आयुष्यात ही एकच जागा होती.

त्या मंगळवारी ती गोठ्यामागे गोवऱ्यांची थप्पी रचत होती, तेव्हा नवरा आणि चुलतसासरे कुंपणाच्या मागच्या फटीतून आत आले. पुढचं दार सोडून ते मागून आले होते. हे चुलतसासरे, मामिरकान, म्हणजे घराण्यातले आता सगळ्यांत वडील. ती त्यांना अबा म्हणे. एरवी दारापासूनच खाकरत येणारा माणूस, आज पावलांचा आवाज न करता आला होता.

“सूनबाई, आवाज करू नकोस,” ते म्हणाले. “बोलोत गेला.”

जोल्दोश, तिचा नवरा, गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. अबा हळू आवाजात सांगत राहिले. चेल्याबिन्स्ककडे कुठल्याशा गोदामात माल चढवता चढवता खाली बसला, तो उठलाच नाही. हृदय. कागदपत्रं झाली की गाडी निघेल, बायको-मुलगा सोबत आहेत. कझाकांचा सगळा माळ ओलांडून यायचं, आठवडा तरी लागेल.

तुर्सुनायच्या हातात ओली गोवरी होती. ती तिने थप्पीवर नीट ठेवली. पहिला विचार तिच्या मनात आला तो असा, की दर रविवारी तो माणूस दाब विचारायचा, पण त्याचा दाब किती ते कधी कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही. तिला रडू आलं तेव्हा अबांनी बोट वर केलं.

“आत्ता नाही. म्हातारीचा दाब किती?”

“एकशे ब्याऐंशी.”

“गुलबार्चिन म्हणते, एवढ्या दाबावर सांगाल तर मयताचे दोन तंबू उभारावे लागतील. दीडशेच्या खाली येऊ दे. आला की आम्ही चारजण येऊ आणि रीतीप्रमाणे कानावर घालू. तोवर तुझ्या डोळ्यांतून टिपूस येता कामा नये. रोज संध्याकाळी येऊन मला आकडा सांग. तुझ्या आकड्यावर सगळं आहे, पोरी.”

अशी बातमी घरच्या माणसाने सांगायची नसते, फोनवर तर नाहीच. जाणती माणसं जमतात, आडून आडून बोलतात, ऐकणाऱ्याला आपणहून उमगायला वेळ देतात. तोवर सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि ज्याचं दुःख त्याला तेवढं नसतं. जोल्दोश त्याच दुपारी भावाला आणायला सीमेकडे निघाला. आईला सांगितलं, ट्रॅक्टरचा पंप गेलाय, बिश्केकहून आणतो.

“पंपासाठी चांगला कोट कशाला?” रिस्कानने विचारलं.

“शहर आहे, आई.”

“पंप काय कोट बघून स्वस्त मिळतो?”

तो निघून गेल्यावर तुर्सुनायने यंत्राची पेटी उघडली, तर सासूने बाही आधीच वर केलेली होती. आणि खिडकीतला कुरूतचा खडा तिने स्वतःच्या हाताने उचलून पुढे केला.

“घे. टाकून दे. आजपासून सोडलं.”

“काय झालं?”

“मागच्या रविवारी बोलोत काय म्हणाला, विसरलीस? बर्फ पडायच्या आत येतो आणि गरम पाण्याच्या झऱ्यावर नेतो म्हणाला. तिथं दाराशीच दाब बघतात म्हणे. दीडशेच्या वर असला की कुंडात उतरू देत नाहीत. एवढ्या लांबून यायचा पोरगा आणि मी काठावर बसून बघू? चहातही मीठ घालू नकोस.”

आयुष्यभर मिठाच्या चहावर वाढलेली बाई. गोळी अर्धी करून खाणारी, आणि तीही डोकं दुखलं तरच. तुर्सुनाय वर्षानुवर्षं विनवून थकली होती. आणि आता म्हातारी गोळ्यांची पट्टी उशाशी घेऊन बसली, वेळ झाली की स्वतः पाणी मागू लागली, बिनमिठाचा चहा नाक मुरडत पण थेंबभरही न सांडता पिऊ लागली. तुर्सुनायला वाटलं, हे सगळं आधी केलं असतं तर मी जन्माची ऋणी झाले असते, आता नको. आता खा कुरूत, हवं तेवढं खा.

दाब उतरू लागला. एकशे सत्तर झाला, मग एकशे बासष्ट. आकडा ऐकला की रिस्कान खूश होऊन मांडीवर थाप मारी.

“बघ. तू म्हणायचीस ना, म्हातारी ऐकत नाही?”

“ऐकता हो एने.”

“मग तोंड का पाडून बसलीस? तुझ्या माहेरचा कुणी मेलाय का?”

“बटाटे सोलून सोलून कंबर गेलीय.”

“बस मग जरा. गायीचं मी बघते.” असं म्हणून ती उठू बघायची आणि गुडघ्याला हात लावून परत बसायची.

गावातल्या बायका येऊ लागल्या. कुणी लोणी आणलं, कुणी मुरंब्याची बरणी. चहा पिऊन बटाट्यांच्या भावावर, गायीच्या खुरावर बोलत, आणि रिस्कानने बोलोतचा विषय काढला की सगळ्यांना एकदम घरची आठवण येई. जाताना म्हातारीचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवत. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “हल्ली लोक फार यायला लागलेत. मी मरणार असं कुणी पसरवलंय का? गुलबार्चिनला विचार. ती पोरगी बोलते फार.”

संध्याकाळी तुर्सुनाय अबांकडे आकडा घेऊन जाई. तिथे अंगणात ताडपत्रीखाली तंबूचं सगळं सामान येऊन पडलं होतं: वाकवलेल्या लाल काठ्या, जाळीच्या भिंती, बुरणुसाच्या घड्या. मयताच्या घरी गोल तंबू उभारल्याशिवाय मयत आणत नाहीत, आणि रिस्कानला कळल्याशिवाय तिच्या अंगणात तंबू उभारणार कसा? परसात बायका पीठ मळून ठेवत होत्या. कोपऱ्यात मयताच्या जेवणासाठी कापायची घोडी बांधलेली होती. तुर्सुनाय आत आली की कामं थांबत आणि सगळे तिच्याकडे बघत.

“एकशे बासष्ट.”

“उतरतोय,” कुणीतरी म्हणे आणि कामं परत सुरू होत.

आपण रोज सकाळ-संध्याकाळ सासूच्या दंडाला पट्टा बांधतो आणि तिला काठाकडे थोडं थोडं सरकवतो, असं तिला वाटू लागलं होतं. शिवाय ती दमली होती. उगीच नाही दमली. न रडण्याइतकं दमवणारं काम दुसरं नाही. बालवाडीत ती बटाट्यांच्या टोपलीवर वाकून थोडंफार रडून घ्यायची. तिथल्या स्वयंपाकिणीने एकदा कांद्यांची टोपली तिच्याकडे सरकवली आणि म्हणाली, “आज तू हे चीर. कुणी विचारणार नाही.”

रविवार आला. रिस्कानने धुतलेलं पांढरं फडकं डोक्याला बांधलं आणि सकाळपासूनच फोनजवळ ठाण मांडलं. दुपार झाली, कलली.

“नेट गेलंय,” तुर्सुनाय म्हणाली.

“कुणाचं? त्याचं की आपलं?”

“त्यांच्याकडचं. बर्फ पडलंय म्हणे तिकडं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“बालवाडीत म्हणत होत्या.”

“मग फोटो तरी पाठव. नेट आलं की बघेल. या आठवड्याचं पान बघितलं की त्याला बरं वाटेल.”

तुर्सुनायने वही खिळ्यावरून काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि फोटो काढला. नुसतं पाठवल्यासारखं करता आलं असतं. पण सासू खांद्यावरून बघत होती, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच पाठवावासा वाटला. फोटो गेला. त्याच्यापुढे एकच खूण उमटली आणि तशीच राहिली.

संध्याकाळी तिने पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या, हवा सोडली. काटा खाली येत गेला, एकशे सत्तर, एकशे साठ, दीडशे ओलांडलं तरी काही ऐकू येईना. मग ठोका आला. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

“किती?” रिस्कानचे ओठ हलले.

एकशे शेहेचाळीस. आता कोट चढवून अबांकडे जायचं, आकडा सांगायचा, आणि घटकाभरात चार माणसं येऊन या खोलीत बसणार. सासूच्या डोक्याला अजून सकाळचं पांढरं फडकं होतं. एक रात्र, तुर्सुनायला वाटलं. गाडी काही उद्या येत नाही. एक रात्र तिला झोपू दे. आणि मलाही झोपू दे. यातलं आधी काय वाटलं, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नसतं.

“एकशे शहात्तर,” ती म्हणाली आणि तसंच वहीत लिहिलं.

मांडीवर थाप नाही, टोमणा नाही. बाही खाली ओढून रिस्कान हाताकडे बघत राहिली.

“सगळं केलं गं,” ती शेवटी म्हणाली. “मीठ सोडलं. कुरूत सोडलं. आणखी काय सोडू?”

तुर्सुनायला त्या क्षणी आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली. म्हातारीची एक सुखाची संध्याकाळ वाचवायला गेली आणि तीच हिसकावून घेतली. खरा आकडा सांगितला असता तर ती हसली असती, निदान चार माणसं दारात येईपर्यंत तरी. आता परत फिरवायचं कसं? ती अबांकडे गेली, एकशे शहात्तर म्हणाली. अबांनी कपाळाला हात लावला. “चढला? बरं. उद्या सकाळी बघू.”

सकाळी बघायला वेळच मिळाला नाही. उजाडता उजाडता जोल्दोशचा फोन अबांना आला. चालकांनी आळीपाळीने रात्रभर गाडी हाकली होती, डोंगर चढायला लागलेही होते. दुपारच्या आत पोचतात. तुर्सुनाय धार काढून येत होती, तर मागच्या फटीतून अबा, त्यांच्यामागे आणखी तीन म्हातारे, आणि पिशवी घेऊन गुलबार्चिन.

“आता दाब उतरायची वाट बघता येत नाही,” अबा म्हणाले.

गुलबार्चिन चुलीच्या खोलीत शिरली, वही चाळली आणि सुई काढायला लागली. “एकशे शहात्तर. मग आधीच मोठं इंजेक्शन देते. एकदम उतरवते, आणि मग सांगा.”

तुर्सुनायने दुधाची बादली खाली ठेवली. “देऊ नकोस.”

“का?”

“तो आकडा खरा नाही. एकशे शेहेचाळीस होता.”

गुलबार्चिनने तिच्याकडे बघितलं. पोरगी वयाने लहान, बोलते फार हेही खरं, पण त्या वेळी तिने आधी सुई परत कागदात गुंडाळली. “उतरलेल्या दाबावर मी हे टोचलं असतं तर त्या बसल्या जागी आडव्या झाल्या असत्या, ताई.”

“म्हणून सांगतेय.”

अबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. “एका रात्रीनं काय होणार होतं, सूनबाई?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते आत गेले.

रिस्कान पाहुणे बघून खूश झाली. “या, या. वर बसा. तुर्सुनाय, चहा टाक. यांना मिठाचा दे, मला नको.” म्हातारे भिंतीशी ओळीने बसले, हात गुडघ्यांवर. तुर्सुनाय चहाची किटली घेऊन चुलीपाशी उभी राहिली.

अबांनी घसा साफ केला. बोलण्यात त्यांचा हात धरणारा सगळ्या खोऱ्यात नव्हता. लग्न असो की मयत, त्यांनाच बोलावत. ते डोंगरापासून सुरू झाले. डोंगरालाही कड्याचा दगड गमवावा लागतो, म्हणाले. मग पाण्यावर आले. मग झाडावर.

“वहिनी, तुमच्या अंगणात दोन फांद्यांचं झाड होतं. दोन्ही तुम्ही वाढवल्यात. दोन्हींची सावली आम्ही घेतली. वाटेवर असताना वारा आला, वहिनी. वाऱ्यानं एक फांदी नेली. ज्यानं दिली त्यानंच मागितली.”

रिस्कान एकेका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत गेली. मग तिची नजर दारामागच्या खुंटीवर गेली. तिथे जोल्दोशचा चांगला कोट असायचा. पंप आणायला गेलेला माणूस, इतके दिवस झाले, आला नव्हता.

ती उठली. गुडघ्याला हात न लावता उठली. सरळ चुलीपाशी आली, तुर्सुनायच्या हातातली किटली काढून खाली ठेवली आणि तिला दोन्ही हातांनी कवेत घेतलं.

“माझ्या पोरी,” ती म्हणाली. “माझ्या दुर्दैवी पोरी.”

“एने...”

“बोलू नकोस. मी आहे. मी जिवंत आहे तोवर तुला या घरातून कुणी जा म्हणणार नाही. हे घर तुझं. गाय तुझी. तू माझी सून नाहीस, लेक आहेस, ऐकतेस ना? टोचून बोलायची सवय आहे माझी, ते मनावर घेऊ नकोस.” ती तुर्सुनायच्या पाठीवरून हात फिरवत होती, तापातल्या पोराला थोपटावं तसा. “रड. तू रड. मी धरलंय तुला.”

“वहिनी, तसं नाही,” अबा म्हणाले. “आम्ही त्या... झाडाची जी फांदी लांब...” आणि एवढं बोलून त्या बोलक्या माणसाचा आवाज फुटला. बोलोत त्यांच्या खांद्यावर बसून वाढला होता. बाकीचे म्हातारे खाली बघत राहिले.

तुर्सुनाय सासूच्या खांद्यावर होती. इतकी वर्षं या घरात काढली, पण या बाईने तिला असं कधी धरलं नव्हतं. गेले सहा दिवस तिला कुणी धरलं नव्हतं. तिथेच राहावं, अजून थोडा वेळ, असं तिला वाटलं. या वेळी मात्र तिने उशीर लावला नाही.

“एने, आमचे हे ठीक आहेत. गाडीत आहेत. ते आणायला गेलेत.”

“कुणाला?”

उंच भावोजी, हे शब्द तिच्या ओठांवर आले. पण आता आडून बोलणं पुरे झालं होतं.

“बोलोत,” ती म्हणाली. तिच्या तोंडात ते नाव नवं, परक्या घरातल्या भांड्यासारखं वाटलं. “एने, बोलोत गेले.”

पाठीवरचा हात थांबला. रिस्कानने मान मागे घेऊन सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, जणू तिथे काही लिहिलेलं होतं. सुनेने नाव घेतलं म्हणजे ते खरंच होतं. तिच्या गळ्यातून हंबरडा फुटला. कुंपणाबाहेर मघापासून वाट बघत थांबलेल्या बायकांनी तो उचलला.

दुपारपर्यंत अंगणात तंबू उभा राहिला. बाहेर पुरुष कमरेला फडकी बांधून, काठ्यांवर रेलून मोठ्याने रडत होते. आत बायका भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या आणि एकीचा विलाप झाला की दुसरी सुरू करत होती. मधोमध रिस्कान. गुलबार्चिनने तुर्सुनायला खूण केली. तुर्सुनाय पेटी घेऊन सासूशेजारी गुडघ्यांवर बसली.

रिस्कानने आपणहून बाही वर केली. हात पुढे केला, तळवा वर. मूठ उघडी होती.

तुर्सुनायने पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या, आणि विलाप बंद झाला, बाहेरच्या खुंट्या ठोकायचा आवाज बंद झाला. बायकांची तोंडं नुसती हलत राहिली. तिने हवा सोडली. ठोका आला, चालत राहिला, खाली खाली जात विझला. एकशे अठ्ठावन्न. तिने नळ्या काढल्या.

“एकशे अठ्ठावन्न,” तिने सासूच्या कानाशी सांगितलं. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, “काल मी खोटं सांगितलं, एने. काल एकशे शेहेचाळीस होता.”

रिस्कान भिंतीच्या जाळीकडे बघत होती. तिकडून दिसणाऱ्या रस्त्यावर अजून गाडी नव्हती.

“एकशे शेहेचाळीस,” ती म्हणाली. तिने सावकाश बाही खाली ओढली आणि मनगटाशी तिचं बटण लावायला लागली. “म्हणजे उतरू दिलं असतं मला कुंडात.”